देवळाचा जीर्णोद्धार आणि राय : गावाने ठरवायचं म्हणजे नेमकं कोणी?

व्हाळाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहितो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव सिंधुदुर्गात, कुडाळच्या पुढे. नाव लिहीत नाही, कारण कोणाकडे बोट दाखवायचं नाहीये. ग्रामदेवतेचं देऊळ जांभ्या चिऱ्याचं, आत फणसाचे खांब, वर मंगलोरी कौलं. देवळाच्या मागे देवराई. आम्ही तिला नुसतं 'राय' म्हणतो. राय सुरू होते तिथे चपला काढायच्या, आतली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे कोणी शिकवलेलं आठवत नाही. लहानपणी चेंडू आत गेला तर मोठं माणूस सोबत घेऊनच आणायला जायचो.

गेल्या वर्षी मुंबईतल्या आमच्या मंडळाने जीर्णोद्धार ठरवला. जुनं देऊळ उतरवायचं, त्या जागी स्लॅबचं देऊळ, वर शिखर, पुढे मोठा सभामंडप. नकाशा ग्रुपवर आला, लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली, पैसे जमायला लागले. मीही टाकले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं.

शिमग्याला गावी गेलो तेव्हा रायीतल्या सात झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले दिसले. मंडपाच्या आड येणारी झाडं. चार नंबरची सातवीण आहे, तिच्या बुंध्याला तिघांनी कवेत घेतलं तरी हात पुरत नाहीत. माझी काकी रोज पहाटे देवळाचं आंगण झाडते, तीस वर्षं झाली असतील. ती त्या आकड्यावर बोट ठेवून मला म्हणाली, "ह्यो रंग कोणी लावलो? माका कोणी इचारूक नाय."

मला उत्तर देता आलं नाही. विचार केला तेव्हा लक्षात आलं की गुरवालाही कोणी विचारलं नव्हतं. मानकऱ्यांपैकी दोघांना फोनवर कळवलं होतं, विचारलं नव्हतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे 'गावऱ्हाटी' असते. गावकर, घाडी, गुरव असे बारा-पाच मानकरी, प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं. नवं काही करायचं तर आधी बैठक, मग देवापुढे गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालणारा "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि प्रत्येक मागणीला सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. मग कौल, म्हणजे देवाचा होकार की नकार ते विचारायचं. आचऱ्याची गावपळण ऐकली असेल. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं, आणि परतायचं तेही पुन्हा कौल घेऊनच. तिथे पोलीस लागत नाहीत, नोटीस लागत नाही.

मग आमच्या गावात एवढा मोठा निर्णय यातलं काहीही न होता कसा झाला? आणि आता काय करावं? मे महिन्यात ग्रामसभा आहे. देऊळ पाडायला माझा विरोध आहे असं अजून कोणाला बोललेलो नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

---

परळचा चाकरमानी

तुमची कळकळ पोचली, पण मंडळाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणगावात गावकीची खोली असायची, एका खोलीत गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे. त्या खोलीच्या वर्गणीतून गावच्या शाळेची कौलं गेली, विहिरीचा कठडा गेला, देवळाची घंटा गेली. ८२ च्या संपानंतर घरात चूल पेटायची मारामार होती, तरी जत्रेची वर्गणी चुकली नाही. तेव्हा 'मुंबईवाल्यांनी परस्पर ठरवलं' हे वाचताना आत कुठेतरी लागतं. आम्ही परके नाही. आमचीही नाळ तिथेच पुरलेली आहे.

आणि देऊळ गळतं हो. श्रावणात गाभाऱ्याबाहेर बादल्या ठेवाव्या लागतात. आमच्या पिढीनंतर पैसे देणारं कोणी उरेल का, ही धास्ती आहे. म्हणून एकदाच काय ते पक्कं बांधून टाकू असं वाटतं. त्यात वाईट हेतू नाही.

---

व्हाळाकाठ

@परळचा चाकरमानी, वाईट हेतू आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझे आजोबाही त्याच खोलीत राहिलेले. पण ते वर्गणी पाठवायचे आणि काय बांधायचं ते गाव ठरवायचं. आता पैशाबरोबर नकाशाही मुंबईहून येतो. मला खटकतं ते इतकंच.

---

चिरेबंदी

जुन्या घरांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून 'गळतं' या मुद्द्यावर लिहितो.

कौलारू छप्पर गळतं म्हणजे देऊळ संपलं असं नसतं. बहुतेक वेळा चार-दोन कौलं फुटलेली असतात, नाहीतर आढ्यावरचे कोने सरकलेले असतात. तिथून पाणी रिपांवर, रिपांवरून वाशांवर. वासा भिंतीवर टेकतो ते टोक सगळ्यात आधी कुजतं, कारण तिथे हवा लागत नाही. एक काम करा. सुताराला घेऊन वर चढा आणि प्रत्येक वाशाच्या त्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वासा बदलायचा, नाही गेला तर तो अजून तुमच्या नातवंडांना पुरेल. दहा वासे बदलावे लागले म्हणून कोणी देऊळ पाडत नाही.

दुसरं, भिंतींना मागे कधी सिमेंटचा गिलावा केलाय का? जांभा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो. सिमेंट लावलं की पाणी आत अडकतं, मग भिंतीला ओल, पोपडे, लाकडाला वाळवी. लोक म्हणतात भिंत जुनी झाली. खरं तर बिघाड वरच्या गिलाव्यात असतो.

आणि स्लॅब 'एकदाच काय ते' नसतो. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळी गंजते, फुगते, पोपडा पडतो. वीस-पंचवीस वर्षांत गळके झालेले स्लॅब मी स्वतः बघितलेत. त्यांच्यावर पत्र्याची शेड घालतात. फणसाचा खांब तेवढ्यात फक्त थोडा काळा पडतो.

---

सातवीण

चार नंबरच्या झाडाचं वाचून राहवलं नाही, नावच तेच घेतलंय मी.

वनस्पतिशास्त्र शिकवते. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. तोवर सरकारदरबारी हे फक्त 'देवाचं रान' होतं. त्यांनी दाखवलं की आजूबाजूचं जंगल गेलं तरी जुन्या जंगलाचा नमुना या तुकड्यांत शिल्लक आहे.

तुमच्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं सांगते. दोडामार्गात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, वर्षभर पाणी. असा अधिवास महाराष्ट्रात जवळजवळ कुठेच उरलेला नाही. तो टिकला कारण ती भालांडेश्वराची देवराई आहे, आणि आता जैवविविधता वारसास्थळ आहे. दुसरं आंबोलीचं. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाच्या देवळापुढे जे पाणी आहे, त्यातल्या बोटभर माशाची विज्ञानाला २०२० मध्ये नवी जात म्हणून ओळख झाली. नावही 'हिरण्यकेशी'वरूनच दिलं. २०२१ मध्ये ती जागा वारसास्थळ जाहीर झाली. देवाचं पाणी म्हणून तिथे कोणी गळ टाकला नाही, म्हणून मासा राहिला.

दोन्हीकडे सरकारचा कागद शेवटी आला. त्याआधी कित्येक पिढ्या ती जागा गावाने सांभाळली होती.

एक विनंती. त्या सातही झाडांची नावं, घेर आणि ढोल्या असतील तर त्या लिहून काढा. जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. मादी आत स्वतःला चिणून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. तुमचा शिमगा ते मे हाच तो काळ. आत घरटं असताना झाड पडलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय रायीच्या बाजूच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, तेही लिहा. सभेत हे उपयोगी पडेल.

---

माहेरवाशीण

काकींचं वाक्य वाचून थांबले. "माका कोणी इचारूक नाय."

धाग्यावर सगळे गावऱ्हाटीबद्दल आदराने लिहितायत. मलाही आदर आहे. पण काकींना गावऱ्हाटीने तरी कधी विचारलं होतं का? बारा-पाचात एक तरी बाई आहे? आमच्या गावात नाही. आंगण झाडायचं, समया घासायच्या, पालखी दारात आली की ओटी भरायची. बैठकीत मात्र आम्ही माजघराच्या दारामागे. आणि ढोल वाजवणारी माणसं? त्यांच्या ढोलाशिवाय पालखी हलत नाही. पण ती सभामंडपाच्या पायरीखाली उभी राहिलेलीच मी लहानपणी बघितली आहेत. तो वारसा मला जपायचा नाही.

कोणत्या घराचा मान पहिला, यावरून जत्रा बंद पडलेली आणि प्रकरण कोर्टात गेलेली गावं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. मुंबईच्या मंडळाकडून अधिकार काढून पुन्हा चार घरांकडे गेला तर काकींच्या वाट्याला काय येणार?

व्हाळाकाठ, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती वहीतच होते, घरोघरी सह्या घेऊन. या वेळी ती खरोखर भरवा. देवळाच्या आंगणात भरवा.

---

मुळारंभ

माहेरवाशीण यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडेही हेच चित्र.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. माहेरवाशीण यांनी काढलेला प्रश्न आमच्या गांवकरीच्या मुळाशी बसला आहे, म्हणून जरा सविस्तर.

गांवकरी, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणायला लागले ती, त्यांच्या आधीपासूनची. जमीन गावाची, लिलाव करून कसायला द्यायची, येणाऱ्या उत्पन्नातून देऊळ, बांध, पाण्याचे पाट यांचा खर्च भागवायचा आणि उरलेलं गांवकारांत, म्हणजे मूळ घराण्यांत, जोण म्हणून वाटायचं. १५२६ च्या अफोंसो मेशियाच्या फोराल नावाच्या दस्तऐवजात हे रीतिरिवाज लिहून घेतले गेले. खाजन शेती याच व्यवस्थेने उभी केली. खारं पाणी अडवायला चिखल-दगडाचे बांध, आणि भरती-ओहोटीप्रमाणे आपोआप उघडझाप करणारी लाकडी मानस, म्हणजे पाण्याची दारं. बांधाला भगदाड पडलं की रात्रीअपरात्री सगळा गाव धावायचा, कारण एकाचं शेत खारं झालं की शेजाऱ्याचंही होणार.

आज कोमुनिदाद कागदावर आहे. १९६१ चा कोड, म्हणजे नियमसंहिताही आहे. पण शेती कुळांकडे गेली, बांधाची जबाबदारी दुसऱ्यांकडे, आणि गांवकारांकडे राहिली ती जोण आणि जमिनीच्या फायली. सभा होते ती बहुतेक भूखंडांबद्दल. हक्क बापाकडून मुलाला, मुलींना नाही. गावात दोनशे वर्षं राहणाऱ्या इतर जातींना तर नाहीच. ज्यांच्या हातात काम उरलं नाही त्यांच्याच हातात अधिकार राहिला, आणि बांध फुटायला लागले. माझ्या आजोळच्या खाजनात आता भात नाही, खारफुटी उगवली आहे.

म्हणून तुमच्या गावी मानकऱ्यांची यादी काढण्याआधी कामांची यादी काढा. आंगण कोण झाडतं, दिवा कोण लावतं, गवत कोण काढतं, पावसाआधी कौलं कोण चाळतं, ढोल कोण वाजवतं. त्या यादीतलं एकही घर सभेला आलं नाही तर सभा पुढे ढकला.

---

वैनगंगेकडून

मी गडचिरोलीचा. आमच्याकडलं मेंढा (लेखा) बहुतेकांनी ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. लोक वनहक्काची गोष्ट सांगतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, पुढे २०१३ मध्ये गाव ग्रामदान झालं. पण याच्या आधी तिथे घोटुल उभा राहिला, हे कमी लोकांना माहीत असतं.

घोटुल म्हणजे गोंड तरुणांचं एकत्र जमायचं, शिकायचं, नाचायचं ठिकाण. ऐंशीच्या दशकात गावाने तो पुन्हा बांधायचा ठरवला आणि जंगलातून सागाची लाकडं आणली. वनखात्याने तो मोडून लाकूड नेलं. तेव्हा आजूबाजूच्या बत्तीस गावांनी मिळून ठरवलं की आता प्रत्येक गावात घोटुल बांधायचा. संस्कृतीच्या एका खोपटावरून गावाला आपल्या निर्णयाची ताकद कळली.

त्यांची दुसरी रीत तुम्हाला उपयोगी पडेल. तिथे मतदान नाही. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही. एकजण जरी म्हणाला की पटत नाही, तरी विषय पुढच्या बैठकीला. शिवाय अभ्यासगट असतो. विषय समजून घ्यायला बसायचं, त्या दिवशी निर्णय घ्यायचाच नाही. वेळ लागतो. पण एकदा ठरलं की कोणी मागे फिरत नाही, कारण हरलेलं कोणी नसतं.

तुम्हीही पहिली बैठक फक्त समजून घ्यायची ठेवा. चिरेबंदींनी सांगितलेला सुतार आणि सातवीण यांनी सांगितलेली झाडांची वही तिथे आणा.

---

कागदपत्र

भावनेइतकाच सातबाराही बघा. देवळाची आणि रायीची जागा कोणाच्या नावावर आहे? देवस्थान इनाम आहे, सरकार आहे, खासगी आहे की न्यासाची? सिंधुदुर्गातली पुष्कळ देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. तसं असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय मंडळच काय, गावही एक झाड तोडू शकत नाही. नोंदणीकृत न्यास असेल तर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो.

पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. राय त्या वहीत आहे का ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून नोंदवा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिकडच्या देवरायांच्या, प्रकरणात त्यांची मोजणी करून नोंद करायला सांगितलं आणि सांभाळ करणाऱ्या लोकांनाच राखणदार म्हणून मान्यता द्यावी, असं मत दिलं. ठरावात त्याचा उल्लेख करता येईल.

ठराव लिहिताना 'परिसर सुशोभित करण्यात यावा' असलं मोघम वाक्य येऊ देऊ नका. त्या एका वाक्यात पेव्हर ब्लॉकही बसतात.

---

परळचा चाकरमानी

चिरेबंदी, ते सळीचं मला माहीत नव्हतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पत्रा आहेच, तो का घातला याचा विचार कधी केला नव्हता. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल ना?

---

चिरेबंदी

अवश्य. माप आणि फोटो पाठवलेत तर छपराच्या खर्चाचा अंदाजही काढून देतो. त्याचे पैसे नकोत.

---

व्हाळाकाठ

महिनाभराने येतोय. नेटवर्क फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर मिळतं आणि गावी फार कामं होती.

आधी झाडं. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणींनी वही केली. सात झाडांत तीन किंजळ, एक सातवीण, एक बेहडा, एक उंडी आणि एक सुकत चाललेला आंबा. बेहड्यात ढोली आहे. धनेशाचं घरटं आहे की नाही ते कळलं नाही, पण खाली विष्ठेत बियांचा खच होता. रायीखालच्या विहिरीला मे महिन्यात साडेतीन हात पाणी होतं. वाडीतल्या बोअरवेलला नव्हतं.

मग महिलांची सभा. देवळाच्या आंगणात, संध्याकाळी. चाळीसेक बायका आल्या. पहिली पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. मग काकी उठली. ती झाडांबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं. ती बोलली आंगणाबद्दल. स्लॅबच्या मंडपाला गुळगुळीत लादी येणार, आणि पावसात ओल्या पायांनी म्हाताऱ्या बायका घसरणार. दुसरी म्हणाली, मंडप हवाच, लग्नाला हॉल परवडत नाही, पण तो मळ्याच्या बाजूला का नाही? तिकडे एकही झाड नाही. इतक्या महिन्यांत एकाही पुरुषाला हे सुचलं नव्हतं. मलाही नाही.

पुढची बैठक सगळ्यांची. मुंबईहून मंडळाचे सहाजण आले. काहींना वाटत होतं, आजच्या आज कौल लावून टाकू. आमच्या थोरल्या गावकरांनी नकार दिला. "आधी माणसांक इचारा, मगे देवाक." वैनगंगेकडून यांनी लिहिलं तसं त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. सुतार वर चढला, टोचून टोचून बघितलं. चौतीस वाशांपैकी नऊ गेलेले निघाले. तो खाली उतरून आकडा सांगत होता तेव्हा मंडळाच्या खजिनदारांनी तो डायरीत लिहून घेतला.

ग्रामसभेत ठराव झाला. मंडप मळ्याच्या बाजूला, कौलारूच. रायीतल्या सहा झाडांना हात लावायचा नाही. आंब्याचं पावसाळ्यानंतर बघायचं. राय नोंदवहीत घालायची. या पावसाआधी वासे आणि कौलं. मूळ देवळाचं काय करायचं तो विषय उघडा ठेवलाय. शिखर हवं असणारे अजूनही आहेत, आणि दोन देणगीदारांनी पैसे परत मागितलेत. सातबाऱ्यावर वेगळंच नाव निघालंय, त्यासाठी कुडाळला फेऱ्या चालू आहेत.

ढोलवाल्यांच्या घरचे तिघे सभेला आले. मागे बसले. पुढे या म्हटलं तर आले नाहीत. माहेरवाशीण, त्या बाबतीत सांगण्यासारखं अजून काही नाही. जत्रेआधी त्यांच्या वाडीत जाऊन बसायचं आम्ही चौघांनी ठरवलंय.

झाडांवरचे आकडे जात नाहीत. काकीने नारळाच्या शेंडीने घासून बघितलं, साल निघायला लागली म्हणून थांबली. पावसाने जातील म्हणते.

आता एक मदत हवी. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा आहे, आणि आमच्याकडे चुन्यात काम केलेला शेवटचा गवंडी चार वर्षांपूर्वी वारला. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी भागात हे काम हाताने केलेला कोणी माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा. वय झालेला असला तरी चालेल. गावातली दोन मुलं त्याच्या हाताखाली शिकायला तयार आहेत. राहायची सोय आमच्या घरी.